बिनफोडणीचं गाव

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, निजामाच्या राज्यात काय काय पाहिलंत? कुणाला वेरूळची लेणी ऐकायची असतात, कुणाला तलवारी. लेणी मी पाहिली नाहीत. गाडीतून देवगिरीचा किल्ला दिसला म्हणतात, तेव्हा मी शेजारणीच्या टोपलीतल्या कोंबडीला माझ्या फराळाच्या डब्यापासून हाकलत होते. मी जे पाहिलं ते चुलीवर पाहिलं. ते दरवेळी नव्यानं सांगवत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. पुन्हा कुणी विचारायला येऊ नये.

मी गेले होते धाकट्या बहिणीला, सिंधूला, आणायला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात आमच्या घरात कुणी दुसरा विचार करत नाही. तिला आठवा लागला होता आणि संक्रांतीपासून तिची काहीच खबर नव्हती. अठ्ठेचाळीसचा वैशाख. हद्दीपलीकडून लोक गाठोडी घेऊन आमच्या नगर शहरात येत होते, आणि ते जे सांगत ते ऐकून आईनं अंथरूण धरलं होतं. आण्णा, म्हणजे आमचे वडील, गुडघ्यांनी अधू. राहिले आमचे यजमान. ते शाळामास्तर, आणि डोक्यावरची खादीची टोपी ते फक्त अंघोळीला काढतात. त्यांना पाठवणं म्हणजे नाक्यावरच्या शिपायांना घरबसल्या आसामी धाडणं. "मी जाते," म्हटलं. "चाळिशीच्या जाड्या बाईकडं कोण बघतंय?"

सामानात सिंधूसाठी करडईच्या तेलाची बाटली, मोहरी, हिंगाची पुडी आणि लसणाची माळ घेतली. जेवणाखाण्याच्या बाबतीत मी भांडकुदळ आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मोहरी तडतडायच्या आधी कुणी लसूण टाकला तर मी पाटावरून उठते.

जालना

मनमाडपुढे नाक्यावर शिपायानं ट्रंक उपसली. तेलाची बाटली हुंगली, हिंगाची पुडी हुंगून शिंकला आणि वैतागून "जाओ, जाओ" म्हणाला. हिंगानं वाचवलं म्हणून मी खूश झाले. पुढं जालन्याला उतरले आणि खुशी ओसरली. हे एवढं सरकीचं, रुईचं गाव. सिंधूच्या लग्नात आले होते तेव्हा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांच्या घरघरीनं बोलणं ऐकू येत नव्हतं, केसांत कापूस अडकायचा. आता जिनं गप्प. स्टेशनाबाहेर माणसं भिंतीच्या कडेकडेनं चालत होती. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं.

करीमचाचा मात्र भेटले. सिंधूच्या सासरचं गाव बोरदेवी, तिथलेच राहणारे, तिच्या घरचा कापूस वर्षानुवर्षं त्यांच्याच गाडीनं जिनात यायचा. लग्नाची वरातही त्यांच्याच बैलांनी ओढली होती. त्यांनी मला ओळखलं, पण तोंडानं काही न बोलता ट्रंक उचलून गाडीत टाकली. गाव मागं पडल्यावरच तोंड उघडलं.

"बाई, तुमी यायला नको व्हतं. आल्या तर जल्दी जल्दी बहिणीला घ्या आन् निघा. भगवानच्या मागं लोक हायेत."

भगवानराव म्हणजे सिंधूचे यजमान. त्यांनी काय केलं होतं? रात्रीच्या गाड्यांनी गावातली बायकापोरं हद्दीपार पोचवली होती, एवढंच. पण निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळीवाल्यांना ते नाव कळलं होतं, आणि ती टोळी गावोगाव फिरत होती. चाचा हे सांगताना बैलांकडं बघत होते.

"कुठं आहेत ते?"

"मला इचारू नका. म्या जाणत न्हाई. जाणून घ्यायचं बी न्हाई."



दुपारी बाभळीखाली बैल सोडले. चाचांनी फडकं सोडून अर्धं माझ्यापुढं सरकवलं. ज्वारीची भाकर, आणि त्यांच्या बीबीनं केलेलं खट्टं. चिंचेच्या कोळात भाजलेला कांदा, जिरं आणि मिरची कुस्करलेली, बस. आमच्या नगरकडं चिंच आली की तिच्यामागं गूळ आलाच पाहिजे. गुळाशिवाय चिंच म्हणजे आम्हाला भांडणच वाटतं. पण त्या उन्हात ते खट्टं घशाखाली गेलं आणि मी बोटं चाटली. वर तेलाचा टिपूसही नव्हता. गरिबी असेल, असं मला वाटलं.

पुन्हा गाडी जुंपली. एका चाकाला वंगण नव्हतं, ते सारखं कुरकुरत होतं. गाव दिसायला लागलं तसं चाचा मान वळवून म्हणाले, "आन् एक ध्यानात ठिवा. गावात बाजार बंद हाय. बिलकुल बंद. आमच्या गल्लीत बी बंद."

निदान मी तरी तसं ऐकलं. यांच्या गल्लीत कुठला बाजार भरतो, असं मनात आलं. पण अशा दिवसांत बाजार बंद असणारच, त्यात नवल ते काय? "बरं, बरं," म्हटलं. त्या "बरं, बरं"नं पुढं काय करून ठेवलं ते वाचालच.

बोरदेवी, पहिला दिवस

गावात शिरताना काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते कळेना. दिवेलागणीची वेळ. चुलींचा धूर थोडाथोडा दिसत होता. तरी गल्लीला वास नव्हता. मी ज्या गावात वाढले तिथं संध्याकाळी नुसतं गल्लीतून चाललं तरी कुणाकडं काय शिजतंय ते सांगता येतं. इथं नुसता कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा धूर, कोरडा.

सिंधू दारातच होती. पोट एवढं पुढं, आणि तोंड मात्र वाळलेलं. कपाळावर ठसठशीत कुंकू. मी आधी ते कुंकूच पाहिलं, खोटं कशाला बोलू? जीव भांड्यात पडला.

"आक्का, तू एकटी आलीस?" म्हणत तिनं मला घट्ट धरलं आणि दोघी रडलो.

तिच्या सासूला घरात सगळे आत्याबाई म्हणतात. उंच, काटक, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. मी विचारलं, "भगवानराव दिसत नाहीत?"

"जालन्याला गेल्ता सकाळी, कापूस घेऊन," आत्याबाई म्हणाल्या.

वैशाखात कापूस? आणि जिनं तर बंद पाहून आले होते मी. जरा वेळानं आत्याबाई पाण्याला गेल्यावर सिंधूला विचारलं. ती म्हणाली, "मळ्यात हायेत. येतील की." आणि लुगड्याच्या पदराशी चाळा करत बसली.

एकीचं जालना, एकीचा मळा. यातली कुणीतरी खोटं बोलत होती.

जेवायला बसलो. ताटात ज्वारीच्या कण्या, हुलग्याचं कढण आणि बेसन. आम्ही ज्याला पिठलं म्हणतो त्याला इकडं बेसन म्हणतात. बेसन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं लसणाची लाल झालेली फोडणी येते. इथं पाण्यात पीठ, मीठ आणि मिरची कालवून शिजवलेलं. पांढुरकं. कढणावरही तेलाचा तवंग नाही. मी घास घेतला आणि पाहुणी आहे म्हणून गिळला.

सिंधूनं दोन घास खाल्ले आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "आक्का, मला रोज फोडणीच्या वरणाचे डोहाळे लागतात. लसणाचं. आई करते ना, चुर्र करून वर झाकण मारते, तसलं. घरी गेल्यावर देईल ना गं आई?"

पोटुशी बाई काय मागते, तर फोडणीचं वरण! लाडू नाही, श्रीखंड नाही. मला असं भडभडून आलं म्हणून सांगू. घरी कशाला, म्हटलं, आत्ताच देते. उठले, ट्रंकेतली बाटली काढली, चुलीवर पळी धरली आणि तेल ओतलं. तेल तापायला लागलं. मोहरीची चिमूट हातात घेतली तेवढ्यात आत्याबाईंनी माझं मनगट असं पकडलं की बांगडी पिचली. पळी हिसकावून त्यांनी सगळं तेल राखेत ओतलं.

"फोडणी नगं!" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "करीमनं वाटंत सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलं की," मी म्हणाले. बाजार बंद आहे, हे सांगितलंच होतं.

"मंग?"

त्या पळी राखेनं पुसायला लागल्या. सांगितलेलं असूनही ही बाई असं वागते, असा त्यांच्या नजरेत संताप. आणि मी स्वतःचं तेल, स्वतःची मोहरी घेऊन आलेय, तर बंद बाजाराचं मला काय, असा माझा.

दुसरा दिवस

फोडणी कधी देत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? तुमच्या घरी तसं नसेल, पण आमच्याकडं घरात माणूस गेलं की सुतक फिटेपर्यंत चुलीवर फोडणी चढत नाही. तळण नाही, हळदीचा रंग नाही. अन्न नुसतं उकडायचं आणि पोटात घालायचं. ही गोष्ट माझ्या डोक्यात आदल्या रात्रीच आली होती, पण मी तिला लोटून दिली. सकाळी लोटता येईना.

कारण सकाळी मी दुसरं काही पाहिलं. भाकरी झाल्या. कुणी पानावर बसायच्या आधी आत्याबाईंनी एका ताटात दोन भाकरी, कढणाचं वाडगं, कांदा असं वाढलं. वर दुसरं ताट झाकलं. परसात कडब्याची गंज होती, तिच्यामागं ते ठेवून आल्या. हात जोडले नाहीत, पण क्षणभर तिथं उभ्या राहिल्या. परत आल्या त्या पदरानं डोळे पुसत.

आता सांगा, घरातल्या कुणी खायच्या आधी बाहेर नेऊन ठेवलेलं पान कुणासाठी असतं?

भगवानराव गेले. टोळीनं मारलं असणार. आणि सुनेला सांगितलेलं नाही, पोटातल्या जिवाला धक्का बसेल म्हणून. म्हणून तिच्या कपाळावर कुंकू, म्हणून मळ्यात हायेत, येतील की. वेडी पोर तिकडं आईच्या वरणाची स्वप्नं बघतेय! मी तिच्या वेणीला तेल लावत होते आणि माझे अश्रू तिच्या केसांत पडत होते. "आक्का, रडतेस का?" म्हणाली. "कांदा," म्हटलं. जवळपास कुठं कांदा नव्हता.

मी आत्याबाईंकडं जात्यापाशी गेले. सरळ विचारायची हिंमत होईना, म्हणून जेवणाचंच बोलले. "रोज असंच करता?"

त्यांनी जातं थांबवलं नाही. "माझ्या सासूच्या येळंला रोज असंच असायचं, बाई. कण्या, माडगं, आंबील, शेंगुळे. समदं पाण्यात शिजवायचं. तेल सणाला. तेबी जवसाचं न्हाईतर करडीचं, घाण्यावरनं वाटीभर आणायचं. रोजची फोडणी ह्या अलीकडच्या गोष्टी. रानात कापूस शिरला, हातात पैका आला, मंग लोकांच्या जिभा वाढल्या. आता सरकारच्या लेव्हीनं जवारी नेली, पेवं रिकामी केली. म्हातारीचं जेवण परत आलं."

एरवी मी यावर दोन तास बोलले असते. आपण रोजचं म्हणतो ते फोडणीचं जेवण दोन-तीन पिढ्यांचं, आणि सुतकात आपण जे जेवतो ते खरं तर पणजीचं रोजचं जेवण, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. पण त्या वेळी मला त्यात एकच ऐकू आलं. ही बाई लेकाचं मरण सासूच्या जेवणाआड लपवतेय.

उन्हं चढली आणि गल्लीत कुत्री भुंकायला लागली. मग एकदम गप्प झाली. आत्याबाईंचं जातं थांबलं.

पाचजण होते. पुढं खाकी कोटवाला, हातात नागवी तलवार, उगाच काठीसारखी टेकत. मागच्यांतला एक गळ्यात रुमाल बांधलेला, तो आपल्याच मुलखातला असावा. तो उंबऱ्याशी आला तेव्हा सवयीनं पायताण काढायला वाकला आणि मग तसाच आत आला.

"भगवान कहाँ है?" कोटवाल्यानं विचारलं आणि ओसरीवर चक्क मांडी ठोकली.

"जालन्याला गेल्ता," आत्याबाई म्हणाल्या. "आला न्हाई."

"कल भी जालना, परसों भी जालना! घर देखो. गोठा देखो. वो कडबा हटाओ."

दोघं परसाकडं वळले, कडब्याच्या गंजीकडं. तिथं त्या बाईनं आपल्या गेलेल्या लेकाचं पान ठेवलं होतं. त्यावर हे पाय देणार! माझ्या डोक्यात काय शिरलं ते मला सांगता येत नाही. भीती कुठल्या कुठं गेली. घरात पोरासोरांवर ओरडते त्याच आवाजात मी ओरडले.

"कुठं आहे म्हणून विचारता? तुम्हीच घेतलात ना जीव त्याचा! सुतकाचं घर आहे हे! मेलेल्याच्या पानावर पाय देता? मांडी घालून बसायला लाज नाही वाटत मेल्यांनो?"

परसाकडं गेलेले दोघे थबकले. कोटवाला उठून उभा राहिला.

"मर गया? कब?"

मला कुठं माहीत होतं कधी? मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, सत्य उघडं पडलं म्हणून. मग त्या खाली बसल्या आणि जमिनीकडं बघत म्हणाल्या, "चार रोज झाले. रानातच जाळला. सुनंला सांगितलं न्हाई. पोटुशी हाय."

कोटवाल्याचा विश्वास बसेना. त्यानं रुमालवाल्याला मानेनं खूण केली. तो चुलीपाशी गेला. एकेका भांड्यावरचं झाकण उचललं. कढणात बोट बुडवून चाखलं, बेसनात बुडवून चाखलं. मग म्हणाला, "बराबर है. बघार नहीं है. इन लोगों में मय्यत हुई तो बघार नहीं देते."

बघार.

चाकाची कुरकुर नसताना तो शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला. बघार म्हणजे फोडणी. बाजार नव्हे! चाचा म्हणाले होते, गावात बघार बंद आहे. बिलकुल बंद. आमच्या गल्लीत बी बंद. सगळ्या गावात सुतक कसं असेल? माझ्या डोळ्यांपुढून ती वास नसलेली गल्ली गेली, चाचांचं तेल नसलेलं खट्टं गेलं, राखेत ओतलेलं तेल गेलं. मग ते कडब्यामागचं पान कुणासाठी होतं? ते जेवणारा जिवंत होता. तो तिथंच होता, त्या दोघांच्या पायांपासून हातभर अंतरावर.

आतापर्यंत मी खरी रडत होते. आता मला खोटं रडायचं होतं, आणि रडू येईना. मी पदर तोंडात कोंबला.

कोटवाला सिंधूकडं बघत होता. ती माजघराच्या दारात उभी, चौकट धरून. "इसको मालूम नहीं था?" तो म्हणाला, आणि तिच्या कपाळाकडं बोट केलं.

सिंधूला सगळं माहीत होतं. रोज संध्याकाळचं पान तीच नेऊन देत होती, हे मला मागाहून कळलं. सगळे तिच्याकडं बघत होते, आणि ती बघत होती परसाकडं. मग माझ्या त्या नाजूक, रडक्या बहिणीनं एकच मोठा हंबरडा फोडला, तळहात कपाळावर घासला, कुंकू पुसलं आणि दोन्ही हात चौकटीवर आपटले. बांगड्यांच्या काचा माझ्या पायाशी येऊन पडल्या.

रुमालवाला सगळ्यांत आधी बाहेर पडला. जाताना त्यानं कढणावरचं झाकण पुन्हा नीट बसवलं. त्याला काही उमगलं होतं का? मला आजतागायत कळलेलं नाही.

ते गेले. कुत्री पुन्हा भुंकायला लागली, लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मगच आत्याबाई उठल्या, माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. आता ही मला मारणार, असं वाटलं. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

"तुला काय बी ठावं नव्हतं व्हय गं, बाई?"

"मला बाजार ऐकू आलं," मी म्हणाले आणि हुंदके द्यायला लागले. खरे.

मग सांगितलं त्यांनी. टोळी गावात शिरली की वासावर यायची. जिथं फोडणीचा वास, तिथं तेल, तिथं दाणा, तिथं बसून हुकूम, पकाव म्हणून. एका घरात तसं होऊन लेकीबाळींवर बेतलं. तेव्हा गावानं ठरवलं, हिंदूंच्या आळीनं आणि करीमचाचांच्या गल्लीनंही, की बघार बंद. लेव्हीनं रिकामं केलेलं पेव कडब्याच्या गंजीखाली होतं. धान्य ठेवायचा तो जमिनीतला खड्डा. धान्य गेलं, आणि त्या जागी घरचा मालक बसला.

संध्याकाळचं पान त्या दिवशी मी घेऊन गेले. कडबा बाजूला केला. खालून आवाज आला, "आक्का, मेलेल्याला निदान कढण तरी ऊन द्या."

भगवानराव पहिल्यापासूनच चावट. पण लगेच त्यांनी विचारलं, सिंधू जेवली का. त्यांनी बायकोचा हंबरडा ऐकला होता.

सिंधू मात्र हसली नाही. भिंतीकडं तोंड करून बसली होती. "जित्या माणसाचं कुंकू पुसलं मी, आक्का," एवढंच म्हणाली. मी सुरुवात केली होती, पण किंमत तिनं दिली.

परत

आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्हाला गाडीत बसवलं. "आत्ता रांडाव म्हणून जाईल तर कुणी अडवणार न्हाई. खोटं ताजं हाय तवर निघा."

"तुम्ही पण चला," मी म्हणाले.

"आन् त्याला पान कोन दील? लोकांना दाखवायला दहावा बी घालावा लागंल. घालते. लेक जिता हाय न्हवं, मंग मला कशाचं काय?"

चाचा गाडीपाशी उभे होते. मी त्यांना म्हणाले, "चाचा, तुमच्या चाकाला वंगण घाला." ते काही समजले नाहीत.

वाटेत कुणी अडवलं नाही. स्टेशनावर शिपायानं सिंधूचं मोकळं कपाळ आणि पोट पाहिलं आणि मान फिरवली. डब्यात एक बाई आपल्या नव्या सुनेला घेऊन आमच्यापासून दूर सरकली. अपशकुन नको म्हणून. तिच्या जागी मी असते तर मीही सरकले असते, हे मला कबूल आहे, आणि ते आठवून मला अजून चीड येते. मनमाडला मी ट्रंकेतून करंडा काढला. "आता आपण आपल्या मुलखात आहोत, लाव कुंकू," म्हटलं. सिंधूनं नाही म्हटलं. "माझ्या हातानं पुसलंय. आता आई लावील."

भगवानराव पावसाळा सरता सरता, निजाम शरण आल्यावर, पायी नगरात आले, धडधाकट. हे आधीच सांगून टाकते, कारण मला स्वतःला कुणी टांगून ठेवलेलं आवडत नाही. आत्याबाईही दिवाळीला नातवंड बघायला आल्या. गावात बघार पुन्हा सुरू झाला त्या दिवशी सगळ्यांनी एकाच वेळी मिरच्यांच्या फोडण्या दिल्या, आणि दोन्ही गल्ल्यांत म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळ्यांना ठसका लागला, असं त्या सांगत होत्या. खोकता खोकता लोक रडत होते म्हणे.

पण त्या दिवशी टांग्यातून घरापुढं उतरताना आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. सिंधूचा नवरा जमिनीखाली होता, आणि उद्याचं कुणी सांगावं? मला धास्ती होती ती आमच्या दाराची. मी मनात वाक्यं जुळवत होते. आई, घाबरू नकोस. आई, आधी ऐकून घे.

आई दारात आली. आमचा आवाज ऐकून अंथरुणातून उठून आली होती, भिंतीला धरत. तिनं सिंधूचं पोट पाहिलं, हसली. मग कपाळ पाहिलं. मग हात.

मी पाहिलं तेच तिनं पाहिलं, आणि मला वाटलं तेच तिला वाटलं. तिचं तोंड उघडलं. माझी सगळी वाक्यं पळून गेली.

सिंधू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आई, मला फोडणीचं वरण दे. लसणाचं."

आई तशीच उभी. उघडलेलं तोंड हळूहळू मिटलं. तिनं सिंधूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. दे फोडणी, अशी मी मान डोलावली. देव्हाऱ्यातला करंडा आणला, उंबऱ्यातच सिंधूच्या कपाळावर बोट टेकवलं आणि तशीच चुलीकडं गेली.

ती सारखी वळून सिंधूकडं बघत होती, त्यात मोहरी अर्धी चुलीत पडली आणि उरलेली करपली. लसूण काळा झाला. चुर्र झाल्यावर झाकण मारायला ती विसरली, आणि सगळं घर खोकायला लागलं. तसलं करपट वरण मी कुणाच्याही हातचं परत पाठवलं असतं. त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं.